काचेच्या खोलीवरचा बर्फ

माणसाला बालपण एकदाच मिळते, ही समजूत मी वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत बाळगली होती. सांगलीच्या दिवाणी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, काही वर्षांनी घराला कुलूप लावले आणि कुमुदसह ओहायोतल्या डब्लिन गावी अजितकडे, म्हणजे मुलाकडे, राहायला गेलो. पहिल्याच हिवाळ्यात लक्षात आले, की मला पुन्हा चालायला शिकावे लागणार आहे. हे मी अलंकारिक अर्थाने लिहीत नाही. घरापासून टपालपेटीपर्यंतच्या गोठलेल्या वाटेवर माझी आठ वर्षांची नात ईरा माझा हात धरी आणि बजावी, "आजोबा, स्मॉल स्टेप्स. लाइक अ पेंग्विन." सून मेधा माझ्या कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढून देई. मोटार चालवता येत नसल्याने दाढीची पाती हवी असली, तरी कोणीतरी मोकळे होण्याची वाट पाहावी लागे. ज्याच्या टिपणीशिवाय न्यायाधीशांच्या टेबलावर कागद जात नसे, त्याला दुकानात "तुम्ही इथेच थांबा हं, बाबा" असे सांगून ढकलगाडीपाशी उभे केले जाई. म्हणून या आत्मकथनात वाढत्या वयाची प्रकरणे दोन ठिकाणी आली आहेत. कृष्णाकाठची मागे लिहून झाली. हे दुसऱ्या वाढीचे आहे. वाढणारे मूल हट्ट करते, आणि त्या हट्टाची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते. तसा एक हट्ट येथे नोंदवायचा आहे.

कुमुद माझ्याइतकी त्रासली नाही, याचे कारण काचेची खोली. घराच्या मागच्या बाजूला आधीच्या मालकाने नंतर जोडलेली ती खोली होती. तीन बाजूंना काचा आणि वर दोन बाजूंना जेमतेम उतरते, हलके छप्पर. अजित आणि मेधा तिला सनरूम म्हणत. कुमुदने आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिथल्या वेताच्या खुर्च्या तळघरात पाठवल्या आणि उजव्या भिंतीशी, सांगलीहून पेटीत घालून आणलेला सागवानी देव्हारा मांडला. शेजारी कुंडीत तुळस. बाहेर गोठणबिंदूच्या खाली कितीही अंश असोत, त्या काचांमागे तुळस हिरवी राही. उन्हात लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवलेली असे, मार्च महिन्यात सांडगे घातले जात. स्वयंपाकघर मेधाचे होते, बैठकीची खोली दूरचित्रवाणीची, वरचा मजला ईराच्या खेळण्यांचा. त्या देशात कुमुदला पाहुणी नसल्यासारखे वाटेल अशी एकच जागा होती, ती ही. रोज सकाळी आठ ते नऊ ती तिथे पूजेला बसे. तिची घंटा वाजली की दिवस सुरू झाला, असे सारे घर समजत असे. शनिवारी अजित तेवढ्यापुरता डोळा उघडून पुन्हा झोपत असे. मी कधी त्या खोलीत पूजेला बसलो नाही. श्रद्धा हा माझा प्रांत नव्हे. माझा प्रांत नियम.

नियमांच्या प्रांतात माझा पहिला प्रतिवादी म्हणजे शेजारचा वॉल्टर. सत्तरी ओलांडलेला, एकटा राहणारा, निवृत्त सुतार. त्याच्या छपराचे पाणी खाली आणणाऱ्या नळाचे तोंड आमच्या वाटेकडे वळलेले होते आणि ते पाणी गोठून माझा पाय घसरत असे. मी वसाहतीची नियमावली अथपासून इतिपर्यंत वाचली, संबंधित कलमे उद्धृत केली आणि त्याला पत्र लिहिले. चार दिवसांनी त्याने नळाचे तोंड वीतभर फिरवले. उत्तर दिले नाही. मी दुसरे पत्र लिहिले, की वीतभर पुरेसे नाही आणि पहिल्या पत्रास उत्तर नाही याचीही नोंद घेतली आहे. त्याने तोंड आणखी वीतभर फिरवले, आणि कुंपणापलीकडून हात हलवून हसला. अशी सात पत्रे झाली. सातव्या पत्रानंतर पाणी संपूर्ण त्याच्याच हिरवळीवर जाऊ लागले होते, म्हणजे वादाचे कारण उरले नव्हते. तरीही माझा संताप उतरला नाही. सात पत्रे आणि एकाही ओळीचे उत्तर नाही, हा मला उघड उपमर्द वाटत होता. कुमुद म्हणे, "त्याने काम केलं ना? मग उत्तर कशाला हवंय? फ्रेम करून लावणार आहात?" आज ऐंशी ओलांडल्यावर मला ते पटते. पण पटण्याला वेळेवर पोचण्याची सवय नसते.

त्या वर्षी हिवाळा संपला असे सर्वांनी गृहीत धरले होते. फावडी गॅरेजच्या कोपऱ्यात गेली होती. मग मार्चमधल्या एका शुक्रवारी दुपारी बर्फ सुरू झाला आणि शनिवारी दुपारपर्यंत थांबला नाही. पावसाला निदान आवाज असतो. हा अजिबात आवाज न करता चढत गेला. आधी पायऱ्या दिसेनाशा झाल्या, मग कुंपणाच्या पट्ट्या, मग टपालपेटीचा खांब. मेधाने खिचडी आणि भाजलेले पापड केले होते आणि आम्ही सारे खिडकीशी उभे राहून ते मोठ्या कौतुकाने पाहत जेवलो. मधूनच घराच्या वरच्या उतरत्या छपरावरून एखादा थर सुटे आणि खालच्या काचेच्या खोलीवर धप्प करून पडे. ईरा प्रत्येक वेळी टाळ्या वाजवी. अजित मात्र पापड हातात धरूनच त्या खोलीत जाऊन वर पाहत उभा राहिला. म्हणाला, "बाबा, हे बरोबर नाहीये. वरचा सगळा स्नो याच रूफवर येतोय. डबल लोड."

तो वॉल्टरकडे गेला आणि त्याचे एक अवजार मागून घेऊन आला. अॅल्युमिनियमच्या लांबच लांब दांड्याला रुंद पाते. खळ्यावरचे दंताळे असते तसे, फक्त दात नसलेले. जमिनीवरच उभे राहून छपरावरचा बर्फ त्याने खाली ओढायचा असतो. मला विचारल्याशिवाय, मी ज्याच्याशी पत्रव्यवहारात आहे अशा माणसाकडून माझ्या मुलाने उसनी वस्तू आणली, हे मी मनात नोंदवले. डाव्या बाजूला लाकडी ओटा होता. तिथून अजितने पाऊण तासात छपराची डावी बाजू साफ केली. उजव्या बाजूची जमीन मात्र खाली उतरत गेलेली, वर काटेरी झुडपे, आणि सारे कमरेइतक्या बर्फात बुडालेले. तिथून दांडा पोचेना. अजितने शिडी आणली. छपरावर चढून उजवी बाजू फावड्याने ढकलावी, असे त्याने ठरवले.

उजव्या बाजूखाली देव्हारा होता. मी दारात उभा राहून विचारले, की बूट घालून तू देवांच्या डोक्यावर उभा राहणार आहेस काय. अजितला प्रथम कळलेच नाही. मग तो म्हणाला, की बाबा, बूट काढून बर्फात कसा उभा राहू? मी म्हणालो, देवघरावर कोणी पाय देत नाही. आपल्याकडे माडी बांधतानासुद्धा हे पाहिले जाते, आणि तुला मुंजीपासून हे ठाऊक आहे. कुमुद आतून हात पुसत आली.

"अहो, चढू द्या त्याला. देव काय आज पहिल्यांदा कुणाचे पाय बघतायत?"

"नियम तो नियम," मी म्हणालो.

"उभ्या जन्मात तुम्ही एकदा घंटा वाजवली आहेत का? आणि आज एकदम देवांचे वकील झालात."

मेधा हसली. अजितही हसला. त्या हसण्याने मी अधिकच ताठ झालो. म्हणालो, की माझ्या हयातीत या घरात हे घडणार नाही. असे वाक्य उच्चारले की मराठी घरात पुढची चर्चा संपते, हे मला पुरते ठाऊक होते. अजितने शिडी आडवी ठेवली. तो थकलेला होता, बोटे बधिरली होती. उद्या उजेडात बघू, असे पुटपुटून तो गरम पाण्याने अंघोळ करायला वर गेला. छपराची डावी बाजू मोकळी आणि उजवी बाजू छातीइतक्या ढिगाखाली, अशा स्थितीत ते छप्पर राहिले.

संध्याकाळी मी ओट्यावर एकटाच उभा होतो. तेव्हा कुंपणाशी वॉल्टर आला. त्याने छपराकडे पाहिले आणि त्याचा चेहरा पालटला. तो मला म्हणाला, की एकच बाजू काढणे हे काहीच न काढण्यापेक्षा वाईट. वजन दोन्हीकडे सारखे असले तर वासे ते पेलतात, एकीकडचे गेले की दुसरीकडचे त्यांना पिळते. उजवी बाजूही आजच काढा, माझ्याकडे दांड्याचे जोड आहेत, मी मदत करतो. आणि तोवर त्या खोलीत कोणालाही बसू देऊ नका. हे सारे तो सावकाश, स्पष्ट बोलला. मला त्यातला प्रत्येक शब्द समजला. मी इंग्रजीत, कार्यालयीन स्वरात, म्हणालो, की कृपया सदर सूचना आपण लेखी स्वरूपात द्यावी.

तो मान हलवून बर्फातून परत गेला. मी आत आलो, कोट काढला, चहा मागितला. कुमुदला काहीही सांगितले नाही. अजितलाही नाही. मी समाधानी होतो, हे नमूद करणे भाग आहे. सात अनुत्तरित पत्रांचा हिशेब चुकता झाल्यासारखे मला वाटत होते.

रविवारी सकाळी आभाळ निवळले होते आणि लख्ख ऊन पडले होते. मेधा स्वयंपाकघरात पोहे परतत होती, हिंगाचा वास सुटला होता. अजित आणि ईरा वरच होते. मी जेवणाच्या टेबलाशी, काचेच्या खोलीकडे पाठ करून बसलो होतो. कुमुद आत जाताना म्हणाली, "अहो, हे दार आज अडतंय. खांद्याने लोटावं लागलं."

छपरावर भार आला की चौकट दबते आणि दार अडते, ही छपराने दिलेली सूचना असते, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मी काय केले? मी डायरी उघडली आणि लिहिले, 'रविवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. काचेच्या खोलीचे दार अडते. घर मिळवून देणाऱ्या दलालास पत्र पाठवणे.' दार अडल्याचा मला सदोष बांधकामाचा पुरावा म्हणून आनंद झाला. पत्राचा मसुदा मी तिथेच सुरू केला. मागे तिची घंटा वाजत होती. तिचे स्तोत्र हलक्या आवाजात चालले होते. वरच्या छपरावरून एक थर सुटल्याचा घसरता आवाज आला. नेहमीप्रमाणे धप्प झाले. आणि त्या आवाजानंतर दुसरा आवाज आला, जो मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. लाकूड मोडल्याचा तो नव्हता आणि काच फुटल्याचाही नव्हता. धान्याच्या गोदामात शंभर पोती एकदम टाकावीत तसा, जाड आणि आखूड. माझ्या पाठीवर गार वारा आला. घंटा थांबली.

वळून पाहिले तर खोली नव्हती. हे मला आजही नीट सांगता येत नाही. जिथे दार, भिंत, तुळस आणि ऊन असायचे, तिथे आभाळ होते आणि पांढरा ढिगारा होता, आणि त्यातून वासे वर आले होते. मी उठलो नाही. माझ्या हातात पेन होते आणि अपुऱ्या वाक्यावर माझी नजर होती. मेधा माझ्या शेजारून धावत गेली. तिने फोन केव्हा उचलला, पत्ता केव्हा सांगितला, मला ऐकू आले नाही. अजित अनवाणी जिना उतरून आला आणि काचांवरून तसाच चालत गेला. ईरा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती. आजी कुठे आहे, हा तो प्रश्न. त्या क्षणी ती मराठीत विचारत होती.

वॉल्टर कुंपणावरून आला. रात्रीच्या पायजम्यावर बूट घातलेले, हातात फावडे. अजित वासा उचलू पाहत होता, त्याला त्याने थांबवले. आधी वरचा भार काढायचा, वासा शेवटी. दोघे हातांनी आणि फावड्याने बर्फ उपसू लागले. मी काठाशी उभा आहे हे पाहून तो मला म्हणाला, की तुम्ही तिच्याशी बोला. बोलत राहा. मी फक्त तिचे नाव घेत होतो. तिसऱ्या की चौथ्या हाकेला खालून आवाज आला. बारीक, पण चिडलेला.

"समई पडली असेल. आधी ती बघा. काहीतरी पेटेल."

उजवीकडचा मोठा वासा सागवानी देव्हाऱ्यावर पडून अडला होता आणि त्याच्या आडोशाला हातभर पोकळी राहिली होती. कुमुद त्या पोकळीत होती. यावरून कोणी काय निष्कर्ष काढावा ते ज्याचे त्याने ठरवावे. मी कोणताही काढत नाही. अग्निशामक दलाच्या लोकांनी तिला बाहेर काढले तेव्हा तिचा उजवा खांदा मोडला होता, मनगट दोन ठिकाणी तुटले होते आणि कपाळावर काचा होत्या. आजही तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. वरच्या फळीवरचा डबा मी काढून देतो, आणि दर वेळी ती "द्या" एवढेच म्हणते.

दुपारी इस्पितळातून अजित कपडे न्यायला घरी गेला, तेव्हा पुढच्या दाराच्या फटीत त्याला एक कागद सापडला. आम्ही सारे गॅरेजमधूनच ये-जा करत असू. पुढचे दार दोन दिवस उघडले नव्हते. पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत, दोन ओळी होत्या. उजवी बाजूही आजच काढा. तोवर त्या खोलीत कोणी जाऊ नका. खाली नाव, वॉल्टर. शनिवारी संध्याकाळी त्या बर्फातून येऊन तो ठेवून गेला होता. अजितने तो कागद मला दाखवला आणि म्हणाला, "कोणाचा दोष नाही, बाबा. आपण ते दार उघडतच नाही." मी शिडी आडवी ठेवायला लावली त्याविषयी तो काही बोलला नाही. फक्त, मी तुमचे ऐकायला नको होते, एवढे एकदा भिंतीकडे पाहून म्हणाला. आणि वॉल्टर? तो रोज आमच्या गाडीची वाट पाहत बाहेर उभा असे, तिची चौकशी करी आणि प्रत्येक वेळी तेच सांगे. दार वाजवायला हवे होते. चिठ्ठी ठेवून जायला नको होते. मी चूक केली. मेधाने त्याचे दोन्ही हात धरून समजूत घातली. मी बाजूला उभा राहून ऐकले. संध्याकाळी ओट्यावर काय बोलणे झाले, हे त्याने कोणालाही सांगितले नाही. मीही नाही. सत्तरी ओलांडलेला एक माणूस माझा अपराध स्वतःच्या नावावर चढवून घेत होता आणि मी त्याला तो चढवू देत होतो.

तिसऱ्या दिवशी कुमुद उशीला टेकून बसली. अजितने तिला चिठ्ठीची हकीकत सांगितली होती. तो कॉफी आणायला गेला तेव्हा तिने मला जवळ बोलावले.

"एक सांगा. सात पत्रांना त्याने ओळ लिहिली नाही. मग हेच का लिहिलं? हाक मारून सांगितलं असतं की."

मी सांगितले. ओट्यावरचे त्याचे बोलणे, माझे उत्तर, चहा, सारे. देवांच्या डोक्यावर पाय नको ही सबब होती आणि ते अवजार वॉल्टरचे नसते तर मी अजितला अडवले नसते, हेही सांगितले. तिने डोळे मिटले.

"तो म्हातारा रोज स्वतःला बोल लावतोय," ती म्हणाली. "त्याला लिहा. इतकं लिहिलंत, हेही लिहा. आणि देण्याआधी मला दाखवा."

त्या रात्री मी वॉल्टरला आठवे पत्र लिहिले. चार मसुदे फाडले. पाचवा सकाळी तिच्यासमोर ठेवला. ती पंचवीस वर्षे शाळेत इंग्रजीची शिक्षिका होती आणि तपासल्याशिवाय कागद परत देत नसे. पत्रात मी सर्व घटनाक्रम दिला होता. आपण मला स्पष्ट शब्दांत इशारा दिला होता, तो मला पूर्णपणे समजला होता, आपण चिठ्ठी ठेवलीत ती माझ्या मागणीवरून, आपल्याकडे कोणताही दोष येत नाही, असे लिहिले होते. शेवटी लिहिले होते, की ही दुर्घटना सर्वस्वी माझ्या हलगर्जीपणामुळे घडली. त्या शब्दावर तिचे डावे बोट थांबले.

"हलगर्जीपणा नव्हता हा," ती म्हणाली. "तुम्ही जन्मात कधी हलगर्जी नव्हतात. राग होता. तसं लिहा."

मी तिला समजावू लागलो, की कायद्याच्या भाषेत हाच शब्द योग्य आहे, हलगर्जीपणा म्हणजे जी काळजी घ्यायला हवी ती न घेणे, आणि राग ही काही कारणमीमांसेत लिहिण्याची गोष्ट नव्हे. हलगर्जी माणसाला न्यायालय पुष्कळदा सांभाळून घेते, हे मात्र मी तिला सांगितले नाही. ती डाव्या हाताने पेन माझ्यापुढे धरून बसून राहिली.

मी तो शब्द खोडला, त्याच्या वर दुसरा लिहिला आणि समासात सही केली, कारण खाडाखोडीवर सही लागते. स्वच्छ प्रत करू नका, असे ती म्हणाली. ते पत्र तसेच, खोडलेला शब्द वाचता येईल अशा स्थितीत, मी वॉल्टरचे दार वाजवून त्याच्या हातात दिले.